डेव्हिडचा पाय सुटला तो कोणामुळे? (कॅनडाची निसर्ग-कथाकाव्यं)

कातळवेडा
कॅनेडियन कवी अर्ल बर्नीची 'डेव्हिड' ही कविता 'कॅनेडियन फोरम' मासिकाच्या डिसेंबर १९४१ च्या अंकात आली. पुढच्या वर्षी तिच्याच नावाने संग्रह निघाला आणि त्याला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. पुढे शाळाशाळांत ती शिकवली गेली.

वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉकी पर्वतात सर्व्हेच्या तुकडीत काम करणारे दोन तरुण, डेव्हिड आणि बॉब. आठवडाभर दरीत पगारासाठी रानातून वाटा पाडायच्या आणि सुट्टीला डोंगर चढायचे. डेव्हिड गुरू, बॉब चेला. शेवटच्या चढाईत, 'फिंगर' नावाच्या सुळक्यावर, बॉबचा तोल जातो. डेव्हिड वळून हात देतो आणि त्याला सावरतो. त्याच ताणाने डेव्हिडच्या पायाखालचा आधार फुटतो. तो पन्नासेक फूट खाली एका कपारीवर पाठीवर आपटतो. जिवंत असतो, पण हलू शकत नाही. मग तो बॉबला सांगतो की मला कड्यावरून ढकल. बॉब ढकलतो. खाली सहाशे फुटांवर हिमनदी.

लेखिका मार्गारेट अॅटवूडने १९७२ च्या 'सर्व्हायव्हल' या समीक्षेच्या पुस्तकात तगून राहणं हेच कॅनेडियन साहित्याचं मुख्य सूत्र मानलं, आणि त्यात 'राक्षस निसर्ग' असं अख्खं प्रकरण आहे. तेव्हापासून या कविता त्याच चष्म्यातून वाचल्या जातात: निसर्ग मारतो, माणूस कसाबसा तगतो. मला हे पटत नाही. 'डेव्हिड'मध्ये डोंगर काहीच करत नाही. मारतो तो मदतीचा हात. प्रॅट, सर्व्हिस, डंकन कॅम्पबेल स्कॉट या कॅनेडियन कवींतही असंच दिसतं का, की मी एका कवितेवरून सगळ्यांना झोडपतोय?

सह्यभ्रमर
चढाईच्या अंगाने बघितलं तर बर्नी अगदी काटेकोर आहे. आधार चाचपल्याशिवाय वजन टाकू नये हा धडा डेव्हिडनेच बॉबला दिलेला असतो. रॉकीजचा हा भाग बहुतांश चुनखडीचा, थर तिरके. भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं, वितळतं, आणि कडा सुट्या होतात. खालच्या दिशेने दाबलं तर टिकणारा दगड बाहेरच्या दिशेने ओढला की निघून येतो.

डेव्हिड सरळ उभा असताना त्याचं वजन पायरीवर उभं पडतंय. बॉबला धरायला तो वळतो, हात लांबवतो, तेव्हा तोच भार आडवा होतो. वर त्या काळचे खिळ्यांचे बूट, म्हणजे कडेवरचे दोनचार खिळे टेकलेले. ते तरफेसारखे काम करतात आणि कपचा उडतो. पडताना ऐकू येतो तो खिळ्यांचा आणि बोटांचा खरवडण्याचा आवाज, मग दगडांची घसरण, मग क्षणभर शांतता. हा क्रम तंतोतंत बरोबर आहे.

डेव्हिड एकटाच पडतो, म्हणजे दोघांत दोर नाही हे उघड आहे. वर कोणी पक्कं बसून बिले देत (म्हणजे दोर धरून आधार देत) नसेल तर नुसता कमरेला बांधलेला दोर दोघांनाही घेऊन जातो. तेव्हा बॉब वाचला तो दोर नसल्यामुळेच.

वाचकवीर
+१. पण कातळवेडा, 'डोंगर काहीच करत नाही' हे अर्धंच. बर्नी डोंगराला आधीपासून दात लावून ठेवतो. सुळका पहिल्यांदा दिसतो तेव्हाच तो पक्ष्याच्या नखीसारखा वाकडा आहे. वाटेत रानबोकडाच्या पसरलेल्या पांढऱ्या फासळ्या दिसतात, आणि बोकडसुद्धा घसरू शकतो हे बॉबला तिथे पहिल्यांदा कळतं. आणि रॉबिन. पंख मोडलेला पक्षी बॉबला पाळायचा असतो. डेव्हिड तो घेऊन मारतो आणि विचारतो, याला उडायला शिकवशील का? पुढे कपारीवर डेव्हिड जे मागतो ते यापेक्षा वेगळं नाही. 'जगलो तर चाकाच्या खुर्चीत' हा त्याचा स्वतःबद्दलचा हिशेब आहे. शिष्याने गुरूचा धडा गुरूवरच चालवायचा, विडंबना ती आहे. हात देणं हा निव्वळ अपघात.

मीठभाकर
ढकलणं याला त्याग म्हणायचं का पण? कायद्याने तो खून आहे. आणि परत आल्यावर बॉब सांगतो की डेव्हिड सरळ बर्फावरच पडला. म्हणजे कपार गायब, मधला सगळा वेळ गायब.

सह्यभ्रमर
@मीठभाकर, त्या वेळेचा हिशेब करा. पाठीत दगडाचा सुळा घुसलेला, पाय जागच्या जागी. बॉबला एकट्याने आडवी वाट आणि चिमणी (कड्यातली उभी अरुंद फट) उतरायची, हिमनदी ओलांडायची, रान तुडवत तळावर पोचायचं. माणसं आणि स्ट्रेचर घेऊन तीच वाट परत चढायची. एक रात्र उघड्यावर जाणार हे नक्की. मणका दुखावलेल्या माणसाला कपारीवरून दोराने उतरवायला सहाआठ जाणते लोक लागतात, आणि उतरवताना जो हिसका बसतो त्यानेच उरलेलं काम होतं. हेलिकॉप्टरखाली दोर लटकवून माणूस उचलायची पद्धत बॅन्फमध्ये सत्तरच्या दशकात आली. डेव्हिडला हे गणित ठाऊक आहे, म्हणून तो वाद घालत बसत नाही.

बटाटेवडे_दोन_प्लेट
आणि मरताना सुद्धा चेल्याला सांगतो की स्वतःला दोष देऊ नकोस, मीच माझा आधार चाचपला नव्हता. हल्लीचे ट्रेक लीडर वर पोचल्यावर पहिलं काम करतात ते 'जबाबदारी ज्याची त्याची'च्या फॉर्मवर सही घेण्याचं.

अनुष्टुभ
छंदाकडे कोणी बघत नाही म्हणून मध्ये घुसतो. चार ओळींची कडवी, यमक पहिली-चौथी आणि दुसरी-तिसरी, पण पूर्ण यमक नाही. नुसतं स्वरसाम्य, कधी व्यंजनांचा निसटता मेळ. मोठ्याने वाचताना कान यमकाची वाट बघतो आणि जेमतेम आधार मिळतो. वाक्यं कडव्याच्या शेवटी थांबत नाहीत, खालच्या कडव्यात लोंबकळतात. पूर्ण यमकात बांधली असती तर ही गोष्ट शाळेच्या गॅदरिंगला म्हणायची झाली असती.

परतीचा भाग वेगळा काढून वाचा. जाताना जे ओढे, बर्फ, फुलं झळझळीत होती तीच येताना किळसवाणी होतात, उन्हाने कुजलेला बर्फाचा पूलसुद्धा. जागा तीच, विशेषणं फिरली. निसर्ग 'राक्षस' होतो तो फक्त अपराध्याच्या नजरेत. इथे मी कातळवेड्याच्या बाजूला.

गारठलेला_गोदाकाठ
प्रॅटकडे वळा. ई. जे. प्रॅट मूळचा न्यूफाउंडलंडचा, जन्म १८८२. न्यूफाउंडलंड कॅनडात आलं १९४९ ला, म्हणजे त्याच्या तरुणपणी तो कॅनडा नव्हताच. १९२३ च्या 'न्यूफाउंडलंड व्हर्स' संग्रहात 'द आइस-फ्लोज' आहे. सीलच्या शिकारीची कविता. पहाटे डोलकाठीवरच्या पिंपातून टेहळ्याची आरोळी येते, लोक बर्फावर उतरतात, दिवसभर मारत सुटतात. मग ईशान्येचं वादळ येतं आणि जहाज सापडत नाही. शेवटी हिशेब: पावाची किंमत उतरावी म्हणून वीस हजार सील मारले, आणि चर्चमध्ये साठ मृतांसाठी ढोल वाजला. दोन आकडे शेजारी ठेवलेत. बस.

यामागचं वास्तव कवितेपेक्षा भयंकर आहे. १८९८ मध्ये 'ग्रीनलंड' जहाजाचे ४८ गेले. १९१४ मध्ये 'न्यूफाउंडलंड' जहाजाचे लोक दोन रात्री बर्फावर राहिले आणि ७८ मेले. त्याच वादळात 'सदर्न क्रॉस' हे जहाज माणसांसकट नाहीसं झालं. 'न्यूफाउंडलंड'चं काय झालं ते नीट बघा, कारण ते या धाग्याचंच उत्तर आहे. कप्तान वेस्टबरी कीन, जहाज बर्फात अडकलेलं. दूरवर त्याच्या बापाचं, एब्रम कीनचं 'स्टेफॅनो'. पोराने माणसं चालत तिकडे पाठवली. बापाने त्यांना चहा आणि कडक पाव दिला, सीलजवळ नेऊन परत बर्फावर उतरवलं आणि सांगितलं की काम झालं की आपल्या जहाजावर जा. वादळ आलं. पोराला वाटलं ती बापाकडे आहेत, बापाला वाटलं ती परत पोचली. 'न्यूफाउंडलंड'वरचं वायरलेस यंत्र मालकांनी आधीच काढून घेतलं होतं. परवडत नव्हतं म्हणून.

मीठभाकर
म्हणजे मारेकरी निसर्ग नाही आणि मदतीचा हातही नाही. काटकसर.

गारठलेला_गोदाकाठ
आणि मजुरीची पद्धत. मालाच्या किमतीचा तिसरा हिस्सा खलाशांत वाटला जायचा. निघायच्या आधी उधारीवर कपडालत्ता आणि हत्यारं मिळायची, ती चढ्या भावाने लावून हिश्शातून कापायची. माणूस बर्फावर उतरतानाच कर्जात. दिवसभर सील सोलताना घाम येतो, कपडे आतून भिजतात, वारा फिरला की तेच कपडे चिलखतासारखे गोठतात. काम जितकं जोरात, मरण तितकं लवकर. प्रॅटच्या कवितेत शिकारीचा वेग आणि छंदाचा वेग एकच आहे, वाचतानाही दम लागतो.

वाचकवीर
प्रॅटचं 'द टायटॅनिक' (१९३५) पण घ्या. हिमनग जन्मतो तेव्हा कॅथेड्रलसारखा देखणा, मग ऊन-लाटांनी झिजत झिजत जनावर होतो, आणि नेमक्या अक्षांश-रेखांशावर येऊन दबा धरतो. ते अंश प्रॅट थेट ओळीत बसवतो, यमकासकट. आणि शेवटी जहाज बुडाल्यावर उरतो तो हिमनगच, ढिम्म.

टोरांटोकर
'टायटॅनिक'मध्ये दहा वर्षांचा एक मुलगा आहे. जागा मिळालेली असते, पण स्वतःला मोठ्या पुरुषांत मोजून तो ती एका हंगेरियन बाईला आणि तिच्या लेकराला देतो. सुंदर ओळी आहेत. आता वस्तुस्थिती शेजारी ठेवा. जहाजावर साधारण २२००, होड्यांत जागा ११७८, आणि वाचले सातशेच्या आसपास. चाळीस जणांची एक नंबरची होडी बारा जण घेऊन खाली गेली. म्हणजे त्याग करावा लागला तो जागा कमी होती म्हणूनच नाही, होत्या त्याही भरल्या नाहीत म्हणून.

बटाटेवडे_दोन_प्लेट
सगळेच मेले की धागा थंड पडतो. 'द क्रिमेशन ऑफ सॅम मॅगी' कुठे आहे? सगळ्या कॅनेडियन काव्यात शेवटी खूश असलेला एकमेव माणूस, आणि तो भट्टीत बसलेला.

अनुष्टुभ
@बटाटेवडे, हसताय पण मुद्दा बरोबर आहे. रॉबर्ट सर्व्हिस, १९०७. इंग्लंडात जन्मलेला, व्हाइटहॉर्सच्या बँकेत कारकून. सॅम टेनेसीचा, थंडीने जन्मभर गांजलेला. मरताना दोस्ताकडून वचन घेतो की मला जाळ, गोठलेल्या थडग्यात पुरू नकोस. दोस्त गोठलेलं प्रेत घसरगाडीवर बांधून निघतो. कुत्री थकतात, शिधा संपत येतो, पण दिलेलं वचन मोडता येत नाही. लबार्ज तळ्याच्या काठी बर्फात रुतलेली एक पडकी आगबोट सापडते, तिच्या बॉयलरमध्ये तो सॅमला जाळतो. थोड्या वेळाने दार उघडून बघतो तर सॅम आत मजेत बसलाय आणि म्हणतोय, दार लाव, थंडी आत येतेय.

मागची गोष्ट खरी वाटावी अशी: 'ऑलिव्ह मे' नावाच्या बोटीच्या बॉयलरमध्ये एका डॉक्टरने प्रेत जाळल्याची हकीकत सर्व्हिसच्या कानावर आली होती. सॅम मॅगी हे नावही बँकेच्या एका खातेदाराचं. हा खरा मॅगी ओंटारियोचा, टेनेसीशी संबंध नाही. यमकासाठी माणसाचं गाव बदललं.

सात आघातांची ओळ, मध्येच आतलं यमक. म्हणायला इतकी सोपी की शेकोटीभोवती पाठ म्हणतात. पण जिवंत माणूस मेलेल्याच्या शब्दाखातर स्वतः मरायला टेकतो, ही तीच गोष्ट आहे. 'डेव्हिड' उलटा करून विनोदी केलाय.

कातळवेडा
हे आवडलं. मग सर्व्हिसमध्ये तगण्याचं श्रेय कशाला? त्या पडक्या बोटीला. म्हणजे पुन्हा माणसाने सोडून दिलेल्या वस्तूला.

रानजाई
धाग्यात अजून एकाही बाईची गोष्ट नाही हे कुणाच्या लक्षात आलं का? डंकन कॅम्पबेल स्कॉटची 'द फॉरसेकन' घ्या, १९०५ च्या संग्रहातली. चिपेवा जमातीची बाई, आजारी तान्हं मूल, वादळ, गोठलेलं तळं. देवदाराच्या आतल्या सालीची पिळलेली दोरी आणि सशाच्या हाडाचा, घासून काटे कोरलेला गळ. दिवसभर काही लागत नाही. मग ती स्वतःच्या मांसाचा तुकडा गळाला लावते. ट्राउट मिळतो, मागोमाग आणखी. बाळाला पाजते, दोन दिवस चालते, तिसऱ्या सकाळी किल्ला दिसतो.

साहित्य बघा. साल ओली असेपर्यंत लवचीक आणि मजबूत, वाळली की तुटते, म्हणून दोरी सतत पाण्यात असलेली बरी. बर्फातलं भोक दर थोड्या वेळाने पुन्हा धरतं, ते फोडत राहायला लागतं. हाडाच्या गळाला काटा नसेल तर मोठा मासा वर येताना सुटतो. आणि पहिला मासा मिळाला की आमिषाचा प्रश्न सुटतो. आपलं मांस एकदाच द्यावं लागतं.

दुसऱ्या भागात ती म्हातारी आहे. ज्याला वाचवलं त्या मुलाचीच माणसं तिला बेटावर सोडून गुपचूप निघून जातात, मोडक्या वल्ह्यासारखी निरुपयोगी म्हणून. ती केस नीट करते, शाल ओढते आणि पडून राहते. सगळ्या कवितेत राग नाही.

आता कवी कोण? कॅनडाच्या आदिवासी खात्यात १८७९ पासून नोकरी, १९१३ ते १९३२ त्या खात्याचा मुख्य अधिकारी. आदिवासी मुलांना निवासी शाळांत सक्तीने घालणारी १९२० ची दुरुस्ती याच्याच कारकिर्दीतली. त्या शाळांत मुलं क्षयाने मरताहेत असा खात्यातल्याच डॉक्टर ब्राइसचा अहवाल १९०७ चा होता. आईने स्वतःचं मांस देऊन वाचवलेल्या पोराची कविता लिहायची आणि पोरं आयांपासून तोडायच्या कागदावर सही करायची.

मीठभाकर
मग कविता वाचायचीच नाही का? कवीचं चारित्र्य आणि कविता वेगळी ठेवा.

रानजाई
वाचा की, चांगली आहे म्हणूनच वाचा. पण कवितेतच बघा: टाकून देणारे कोण? तिचीच माणसं. किल्ला म्हणजे गोऱ्यांचं ठाणं, ते मात्र सुटकेचं ठिकाण. हे चारित्र्य नव्हे, ही कवितेची मांडणी आहे. समीक्षक नॉर्थ्रप फ्रायने १९६५ मध्ये 'गढीतली मनोवृत्ती' म्हणून जे सांगितलं, बाहेर अफाट रान आणि आत आपण मूठभर, ते इथे आदिवासी बाईच्या तोंडून वदवलंय.

टोरांटोकर
रानजाई +१०. प्रॅटलाही हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि कवितेतूनच. १९५२ च्या 'टुवर्ड्स द लास्ट स्पाइक'मध्ये पॅसिफिक रेल्वे बांधण्याचं महाकाव्य आहे. ओंटारियोच्या उत्तरेचा खडक म्हणजे झोपलेली प्रचंड पाल, सुरुंगांनी तिला जाग येते. पंतप्रधान मॅक्डोनाल्ड, रेल्वेचा व्यवस्थापक व्हॅन हॉर्न, स्कॉटिश माणसं आणि त्यांचं ओटमील, सगळे आहेत. क्रेगेलॅकीला ७ नोव्हेंबर १८८५ रोजी डोनाल्ड स्मिथने शेवटचा खिळा मारला. पहिला वाकडा गेला, दुसरा घ्यावा लागला.

एफ. आर. स्कॉट हा मॅगिल विद्यापीठातला कायद्याचा प्राध्यापक आणि कवी. (डंकनशी नातं नाही.) त्याने छोटीशी कविता लिहून विचारलं: नेड (म्हणजे प्रॅट), तुझ्या कवितेत चिनी मजूर कुठे आहेत? ब्रिटिश कोलंबियाच्या भागात सुमारे पंधरा हजार चिनी मजूर होते. रोज एक डॉलर, गोऱ्या मजुरापेक्षा कमी, आणि खाणं पदरचं. सुरुंग, दरडी, स्कर्व्ही. किमान सहाशे मेल्याचा अंदाज दिला जातो. आणि खिळा मारला त्याच १८८५ मध्ये चिन्यांच्या प्रवेशावर माणशी पन्नास डॉलरचा कर बसला, १९०३ पर्यंत तो पाचशे झाला.

प्रॅट निसर्गाला पाल करतो, म्हणजे त्याला प्रतिस्पर्धी मिळतो. प्रतिस्पर्धी पाल असली की मेलेल्या माणसांबद्दल मुकादमाला कोणी विचारत नाही.

वाचकवीर
प्रॅटवर एवढं तुटून पडू नका. 'द रूझवेल्ट अँड द अँटिनो' (१९३०) वाचा. जानेवारी १९२६, अटलांटिकात वादळ, 'अँटिनो' हे ब्रिटिश मालवाहू जहाज कललेलं. अमेरिकन 'प्रेसिडेंट रूझवेल्ट' दिवसेंदिवस तिथेच थांबतं. पंचवीसच्या पंचवीस लोक वाचतात, वाचवायला गेलेले दोघे बुडतात. इथे कोणी काटकसर केली नाही, कोणी खोटं बोललं नाही. मदतीचा हात मारतो हे खरं, पण वाचवतोही.

कातळवेडा
मान्य. माझं मूळ विधान जरा सैल करतो. 'डेव्हिड'मध्ये हात मारतो, 'आइस-फ्लोज'मागे वायरलेसचा खर्च, 'लास्ट स्पाइक'मध्ये यादीतून गाळलेली नावं. या सगळ्यांत निसर्ग समान आहे, पण विडंबना त्याच्यात नाही, नंतर दिलेल्या हिशेबात आहे. बॉबनेही शेवटी हिशेबच खोटा दिला.

सांजवारा
नवीन माणसाने कुठून सुरुवात करावी?

अनुष्टुभ
@सांजवारा, 'सॅम मॅगी' मोठ्याने. मग 'द आइस-फ्लोज'. मग 'डेव्हिड' दोन बैठकांत: पडण्यापर्यंत एकदा, परतीचा भाग दुसऱ्या दिवशी. त्यानंतर 'द फॉरसेकन', रानजाईंचा प्रतिसाद शेजारी उघडा ठेवून. 'टायटॅनिक' सलग वाचा. प्रॅटचीच 'ब्रेबफ' आणि 'लास्ट स्पाइक' निर्यमक आणि लांब, ती शेवटी ठेवा, आणि 'लास्ट स्पाइक' संपल्याबरोबर स्कॉटची कविता. उलट क्रमाने वाचलंत तर प्रॅटला संधीच मिळत नाही.

बटाटेवडे_दोन_प्लेट
आणि हे सगळं पंखा बंद करून वाचा. नाहीतर सॅम मॅगी ओरडेल.

रानजाई
हिशेबाचा मुद्दा पटला, म्हणून यादीत ग्वेंडोलिन मॅकेवेनचं 'टेरर अँड एरेबस' घाला. १९६५ चं, सीबीसी रेडिओसाठी लिहिलेलं काव्यनाट्य, फ्रँकलिनच्या आर्क्टिक मोहिमेवर; नावातली दोन्ही तिची जहाजं. १८४५ ला निघालेले १२९ जण बर्फात संपले. त्यात एक आवाज इन्युइट माणसाचा आहे. 'एरेबस' २०१४ ला सापडलं आणि 'टेरर' २०१६ ला, तेही ज्याला आधीपासून 'टेरर बे' म्हणत त्याच उपसागरात.

मीठभाकर
इन्युइटांना जहाजं कुठे आहेत ते ठाऊक होतं ना? मग दीडशेच्या वर वर्षं का लागली?

रानजाई
विचारलं कोणी आणि ऐकलं कोणी हा प्रश्न. १८५४ मध्ये जॉन रे या शोधप्रवाशाने इन्युइटांकडून ऐकलेलं लंडनला कळवलं: उपासमार, आणि शेवटी माणसाचं मांस खाल्ल्याच्या खुणा. फ्रँकलिनची पत्नी लेडी फ्रँकलिन संतापल्या आणि डिकन्सने छापून लिहिलं की असल्या लोकांच्या साक्षीवर विश्वास ठेवू नये. रे स्वतः इन्युइटांसारखा बर्फाच्या घरात राहून, शिकार करून, मोजक्या माणसांसह तिथे हिवाळे काढून परत आला होता. मोहिमेचं काय झालं ते शोधल्याच्या बक्षिसाची रक्कम त्याला मिळाली, सर ही पदवी नाही.